कॉम्प्युटरला चाल सांगायची म्हणजे नेमकं काय सांगायचं

आमच्या भजनी मंडळात पेटीवर जे काका बसतात त्यांनी आषाढाच्या आधी मला एक काम लावलं. एका अभंगाला त्यांनी स्वतःच चाल लावली होती आणि पोरं ती दर एकादशीला वेगळीच म्हणायची, तर म्हणाले, "तू सारखं कॉम्प्युटर कॉम्प्युटर करालास न्हवं, मग एवढी चाल त्यात घाल आणि कागदावर काढून दे, म्हणजे मी नसलो तरी चालंल." मी बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या कटाईच्या यंत्रावर) असतो, घरात एक कीबोर्ड आहे आणि एक जुना लॅपटॉप, मला वाटलं दोन तासाचं काम. तीन आठवडे गेले त्यात. त्या तीन आठवड्यात जे कळलं ते लिहितोय, कारण कीबोर्ड घेतलेल्या निम्म्या लोकांना वाटतं की वायर जोडली की कॉम्प्युटर आपोआप गाणं लिहून देतो, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की हे आपलं कामच नाही.

पहिला घोळ सगळ्यांचा एकाच ठिकाणी होतो. मोबाईलवर भजन रेकॉर्ड केलं की मोबाईल काय करतो, तर माईकच्या पडद्यावर हवा किती दाबली गेली ते सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा त्याहून जास्त वेळा मोजून आकडे लिहून ठेवतो, बस्स. सीडीच्या दर्जाचं एक मिनिट म्हणजे साधारण १० एमबी नुसते आकडे. त्यात सा कुठला, रे कुठला, पखवाज कुठला, मागं खोकलं कोण, काही वेगळं लिहिलेलं नसतं, सगळा एकच लगदा. त्यामुळं "रेकॉर्डिंग दिलंय, आता नोटेशन काढ" (म्हणजे त्यातले स्वर कागदावर लिहून दे) असं म्हणणं म्हणजे शिजलेली आमटी देऊन त्यातनं डाळ-मीठ-चिंच परत वेगळं काढ म्हणण्यासारखं आहे. आता अशी सॉफ्टवेअर आलीत जी एकट्या बासरीचं किंवा पियानोचं बऱ्यापैकी ओळखतात, पण पंधरा जणांचा आवाज, टाळ, पखवाज आणि पेटी एकत्र असली की ते काहीही सांगायला लागतात, मी करून बघितलंय, त्यानं टाळाचेच स्वर लिहून दिले.

दुसरी पद्धत म्हणजे मिडी, कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा, आणि मिडीमध्ये आवाज नसतोच. एक कणभर पण नसतो. हे काकांना समजवायला मी आधी माझ्या मशीनचं उदाहरण दिलं, की सीएनसीला आपण जॉब देत नाही तर प्रोग्राम देतो, टूल इथनं तिथं ने, एवढ्या वेगानं ने, मग प्रोग्राम तोच ठेवून ॲल्युमिनियम लावा नाहीतर पितळ लावा. काकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग थोड्या वेळानं तेच म्हणाले, "म्हणजे जॅकार्डच्या पुठ्ठ्यासारखं की रे." काका शहापुरातले, उभं आयुष्य मागावर गेलंय. पुठ्ठ्याला भोक असलं तर तो धागा वर उचलला जातो, नसलं तर नाही, आणि पुठ्ठ्यात कुठं धाग्याचा रंग लिहिलेला नसतो, तोच पुठ्ठा लावून हिरवी साडी निघंल नाहीतर जांभळी. मला याच्याहून चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही. कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली एवढीच भोकं मिडीत असतात, धागा कुठला लावायचा, म्हणजे पेटी का बासरी का सनई, ते नंतर ठरवायचं. म्हणून अख्ख्या गाण्याची मिडी फाईल काही केबीमध्ये मावते.

जरा जवळनं बघूया. कीबोर्डवर मधली पांढरी एक, म्हणजे इंग्रजीतला सी (पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या तिथनंच मोजतात), दाबली की वायरीतनं तीन आकडे जातात, १४४, ६०, १००. पहिला म्हणतो "पहिल्या चॅनेलवर स्वर चालू", दुसरा पट्टीचा नंबर, तिसरा किती जोरात मारली ते. बोट उचललं की परत तीन आकडे, १२८, ६०, ०. पट्ट्यांचे नंबर ० ते १२७, म्हणजे काळी एक झाली ६१, काळी दोन ६३, पांढरी चार ६५, आणि ज्यावर जगभर वाद्यं लावतात ती ४४० हर्ट्झची पांढरी सहा म्हणजे ६९. जोर पण ० ते १२७. जुन्या पाच पिनांच्या वायरीतनं हे सेकंदाला ३१,२५० बिट्स या वेगानं जातं, म्हणजे एका स्वराला जवळजवळ एक मिलिसेकंद. आणि एका वायरीत १६ चॅनेल, म्हणजे सोळा वेगवेगळ्या वाद्यांचे हुकूम एकाच वायरीतनं.

हे आलं १९८३ ला. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीची वायर वेगळी, भाषा वेगळी, एकाचा सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) दुसऱ्याशी बोलायचा नाही. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी पुढाकार घेतला, जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यांच्या प्रदर्शनात एका कंपनीचा प्रॉफेट ६०० आणि दुसऱ्या कंपनीचा ज्युपिटर ६ वायरीनं जोडले आणि एकावर वाजवलं तर दुसरा बोलला. दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. धंद्यातले वैरी एका वायरीवर राजी झाले आणि ती आखणी चाळीस वर्षं टिकली, इकडं मोबाईलचा चार्जर पाच वर्षं सारखा राहत नाही. मिडी २.० आलं २०२० ला पण घराघरात अजून जुनंच चालतंय.

आता अडचणी. पहिली अडचण भात्याची.

कीबोर्डवर पट्टी जोरात मारली की आवाज मोठा, कारण ते सगळं पियानो डोळ्यापुढं ठेवून केलंय. पेटीत तसं नसतंय. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज भात्यातल्या हवेवर. आणि पेटीत तर स्वर धरून ठेवून भाता वाढवत नेला की तो स्वर धरल्याजागी फुगतो, पियानोचा स्वर मारल्यापासून मरतच जातो. मी काकांना कीबोर्डवर बसवलं, पेटीचा आवाज लावून दिला, त्यांनी सवयीनं हलक्या हातानं वाजवलं, आणि काही स्वर ऐकूच येईनात, काही एकदम ठणकले. वैतागले. मग मला कळलं की त्या आवाजाची जोराची सेटिंग बंद करायची, म्हणजे कशीही पट्टी दाबली तरी आकडा एकच जाईल, आणि भात्याचं काम पायाच्या पेडलला द्यायचं. त्याला मिडीत ११ नंबरचा कंट्रोलर म्हणतात, एक्सप्रेशन, तोही ० ते १२७. डावा हात रिकामा राहिला तर काकांना काय करावं कळेना, तो हवेतच भाता मारत होता, पण आवाज बरोबर यायला लागला.

तसं बघितलं तर या यंत्रांना आपली पेटी माहितीच नाही. १९९१ मध्ये जनरल मिडी म्हणून १२८ आवाजांची एक ठरलेली यादी झाली, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या मशीनवर अमुक नंबरला अमुक आवाज, त्यात १०५ वर सितार आहे, ११२ वर सनई आहे, पक्ष्याची किलबिल, हेलिकॉप्टर आणि बंदुकीची गोळी पण आहे, हार्मोनियम नाही आणि तबला नाही. जवळचा आवाज म्हणजे २१ नंबरचा रीड ऑर्गन. म्हणून इकडं ऑर्केस्ट्रावाले भारतीय आवाज भरलेली मशीनच घेतात, आणि ताल वाजवायला ऑक्टोपॅड, ज्याच्या आठ चौकोनांवर ढोलकी, संबळ, टाळ असलं काय पाहिजे ते लावता येतं. नकली आवाजाचा आपल्याला तसा तिटकारा कधीच नव्हता, वरातीतली बेंजो पार्टी जी नागिणीची धून वाजवते ती पुंगी मुळात पुंगी नाहीच, १९५४ च्या 'नागिन' चित्रपटासाठी कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती.

दुसरी अडचण मींड, म्हणजे एका स्वरावरनं दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं. कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक चाक असतं, पिच बेंड, ते फिरवलं की स्वर सरकतो. पट्टीचा जोर १२८ पायऱ्यात मोजतात पण हे चाक १६,३८४ पायऱ्यात मोजलं जातं, कारण कान सरकण्यातली पायरी लगेच पकडतो. आल्या आल्या ते फक्त दोन पट्ट्या वर आणि दोन पट्ट्या खाली जातं, म्हणजे सा वरनं रे पर्यंत, त्याच्या पुढं नाही, गंधारापर्यंत मींड पाहिजे तर सेटिंगमध्ये जाऊन रेंज वाढवावी लागते. मी वाढवली. पण माझी चूक अशी झाली की तानपुऱ्याचा आवाज आणि बासरीचा आवाज मी एकाच चॅनेलवर ठेवला होता आणि हे चाक चॅनेलला लागू होतं, एकेका स्वराला नाही. मंदिरात, सगळ्यांपुढं, बासरीनं सुंदर मींड घेतली आणि तिच्याबरोबर तानपुरा पण वर गेला. षड्ज सरकला! पखवाजवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी देवाची मूर्तीच हलवलीय. तानपुरा वेगळ्या चॅनेलवर टाकला की प्रश्न मिटतो, दोन मिनिटाचं काम. पण एकाच वेळी दोन स्वर धरून त्यातला एकच सरकवायचा असेल तर प्रत्येक स्वराला वेगळं चॅनेल द्यायची एक पद्धत २०१८ पासून आहे, एमपीई, त्याला तशी वाद्यं पण लागतात आणि ती महाग असतात.

तिसरी गोष्ट थोडी बारीक आहे पण गाणाऱ्याला लगेच कळते. कीबोर्डात एका सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येकाचे १०० सेंट, म्हणजे शुद्ध गंधार ४०० सेंटवर. तानपुऱ्यातनं जो गंधार आपोआप ऐकू येतो तो साधारण ३८६ वर असतो. चौदा सेंटचा फरक, एका पट्टीच्या सातव्या हिश्श्याएवढा. नुसतं वाजवताना चालून जातं, तानपुरा लावून गंधारावर थांबलं की दोन्ही भांडायला लागतात. पेटीवर पण हाच आरोप होता, आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला बंदी घातली ती १९७१ ला सैल झाली, आणि एवढं होऊन आमच्या भागात पेटीचं वेड काही कमी झालं नाही. कीबोर्डात मात्र यावर इलाज आहे जो साध्या पेटीत नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये स्केल ट्यूनिंग म्हणून पान असतं, तिथं एकेक पट्टी सेंटनं वरखाली करता येते. काळी एक सा धरला तर गंधार येतो पांढरी चारवर, तिथं उणे १४ टाका आणि थांबून ऐका. मी रात्री साडेअकराला हे केलं आणि बायकोला उठवून ऐकवलं. तिनं "बरं हाय" म्हणून कूस बदलली.

आता कागदाकडं येऊ, कारण काकांना पाहिजे होता कागद.

मिडी म्हणजे नोटेशन नाही, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. काकांनी वाजवलेलं मी सरळ नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं आणि स्क्रीनवर जे उमटलं ते बघून पोटात गोळा आला, पाच रेघांवर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं, प्रत्येक स्वराच्या मागं बारीक विराम, एका मात्रेचा स्वर दोन-तीन तुकड्यात तोडून वर कमानीनं जोडलेला. चूक कॉम्प्युटरची नव्हती. काकांनी जो सा दुसऱ्या मात्रेवर घेतला तो खरं तर मात्रेच्या तीस मिलिसेकंद मागं होता, पुढचा थोडा लवकर सोडला, आणि माणूस वाजवतो तो असाच वाजवतो. आपला कान म्हणतो "एक मात्रा". कॉम्प्युटर म्हणतो, मालक, मोजून अमुक एवढं आहे, लिहू का? त्याला सांगावं लागतं की जवळच्या घरात ढकल. याला क्वांटाइझ म्हणतात. तुम्ही घर किती मोठं ते सांगायचं, पाव मात्रा, अर्धी मात्रा, मग तो प्रत्येक स्वर उचलून जवळच्या रेघेवर बसवतो.

आणि यात एक मोठा फसवा भाग आहे. कागदासाठी क्वांटाइझ पाहिजेच, नाहीतर वाचता येत नाही. पण तीच क्वांटाइझ केलेली फाईल परत वाजवली तर भजन मेलेलं ऐकू येतं. भजनी ठेक्यात जो झोल असतो, लग्गीत पखवाजवाला जो किंचित मागं रेलतो, ते सगळं सरळ केलेलं असतं, कवायत करालेत असं वाटतं. म्हणून आता मी दोन फायली ठेवतो, एक जशी वाजवली तशी, ऐकायला, आणि एक सरळ केलेली, छापायला. लयीचं पण तसंच, आपलं भजन चढत जातं, सुरुवातीच्या दुप्पट लयीत संपतं, आणि सॉफ्टवेअरला एकदा लय सांगितली की ते शेवटपर्यंत तीच धरून बसतं, चढण तुम्ही हातानं आखून द्यायची.

तालाचा एक गमतीचा प्रकार सांगतो. रूपक, सात मात्रा, तीन-दोन-दोन. सॉफ्टवेअरला सात मात्रा सांगितल्या की ते म्हणतं ठीक, आणि पहिल्या मात्रेवर मेट्रोनोमचा, म्हणजे मात्रा मोजणाऱ्या टिकटिकीचा, मोठा ठण्ण वाजवतं, कारण तिकडच्या हिशोबात पहिली मात्रा म्हणजे जोर. आपल्या रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली, जोर नसलेली जागा. तबल्याचा घुमारा नाही तिथं, आणि हा तिथंच घण मारतोय. मेट्रोनोमचा तो पहिला ठोका बंद करून ठेवा एवढंच मी म्हणेन, नाहीतर शिकणारं पोरगं आयुष्यभर चुकीचं ऐकंल.

पाच रेघांचं पाश्चात्त्य नोटेशन आपल्याकडं काही परकं नाही खरं. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेज (तिकडचं सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचे, तीच पोरं पुढं मुंबईच्या फिल्म स्टुडिओत गेली, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, संगीतकारानं चाल पेटीवर म्हणून दाखवायची आणि यांनी ती चाळीस-पन्नास वादकांना वेगवेगळी लिहून वाटायची. अरेंजर म्हणजे हा माणूस. आज लॅपटॉपमध्ये ट्रॅकवर ट्रॅक चढवत आपण जे करतो ते तेच काम आहे, फक्त वादकांना चहा पाजावा लागत नाही.

आपलं सरगम नोटेशन दोन विष्णूंचं. विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे, आणि विष्णु नारायण भातखंडे, १८६० ते १९३६. भातखंड्यांची पद्धत छापायला सोपी म्हणून जास्त चालली, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर. पण कॉम्प्युटरवर हे टाईप करायला गेलात की दमायला होतं. मी आधी वर्डमध्ये अंडरलाईन मारायचो, मग ते व्हॉट्सॲपवर पाठवलं की सगळ्या रेघा गायब आणि कोमल रिषभ शुद्ध होऊन समोरच्याच्या मोबाईलवर. मग एकानं युक्ती दाखवली. देवनागरी युनिकोडमध्ये वेदपठणासाठी स्वरचिन्हं आहेत, एक खाली आडवी रेघ आणि एक वर उभी रेघ, वेदासाठी केलेली, आणि आपल्याला पाहिजेत तीच! रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑. ही अक्षराचाच भाग असतात म्हणून कुठंही पाठवली तरी पडत नाहीत. खालच्या सप्तकाला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, वापरायचा, पण तो व्यंजनानंतर लगेच आणि वेलांटीच्या आधी टाईप करायचा, ऩि असा, नंतर टाकला तर काही फोनवर फुटका गोल दिसतो. वरच्या षड्जाला मात्र सां असंच लिहायची सवय सगळ्यांना लागलीय, तो अनुस्वार आहे हे माहीत असून.

सॉफ्टवेअर कुठलं म्हणाल तर पाच रेघांसाठी म्युझस्कोर घ्या, फुकट आहे, आमच्यासारख्याला पुरून उरतं. सिबेलियस, डोरिको पैसेवाल्यांचे. फिनाले नावाचं एक १९८८ पासून होतं, जगभर मोठमोठे लोक त्यावर लिहायचे, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं सांगून टाकलं की यापुढं बंद. म्हणून कशातही लिहा, सेव्ह करताना एक प्रत म्युझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेवा, ती बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, शिवाय एक पीडीएफ. हे मी लाईट गेल्यावर शिकलो, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, दोन अंतरे गेले.

आणि ब्लूटूथ स्पीकर लावून वाजवायला बसू नका. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत दहा मिलिसेकंद गेले तर चालतं, तेवढ्यात आवाज साडेतीन मीटरच चालतो, म्हणजे समोर बसलेल्या टाळकऱ्याएवढं अंतर. ब्लूटूथला त्याच्या दसपट, कधी वीसपट लागतो. हात एकीकडं आणि आवाज दुसरीकडं, ताल सुटलाच म्हणून समजा. वायर लावा.

तर शेवटी सरगमचा कागद झाला. चाल काळी एकमध्ये होती. माझ्याकडं गोव्याचा एक व्हायोलिनवाला मित्र येतो त्याच्यासाठी पाच रेघांचं पण काढलं, त्यानं बघून कपाळावर हात मारला, कारण काळी एकला तिकडं सी शार्प पण म्हणतात आणि डी फ्लॅट पण, मी सी शार्प निवडलं होतं आणि सुरुवातीलाच सात शार्पची (स्वर एक पट्टी चढवायच्या खुणांची, फ्लॅट म्हणजे उतरवायची) रांग, तेच डी फ्लॅट म्हणून लिहिलं असतं तर पाच फ्लॅटवर भागलं असतं, आवाज एकच. ते दुरुस्त करेपर्यंत काकांचा फोन, यंदा गाणाऱ्या पोराचा गळा वर लागतोय, काळी दोनमध्ये काढून दे. मला आनंदच झाला, कारण हे तर एका बटणाचं काम, ट्रान्सपोज अधिक दोन, ६१ चे ६३, सगळे स्वर उचलून दोन पट्ट्या वर, पाच फ्लॅटचे तीन फ्लॅट झाले, पान दिसायला पण मोकळं. उत्साहात मी दोन्ही परत छापलं, पाच रेघांचं आणि सरगमचं, आणि संध्याकाळी शहापुरात नेऊन दिलं.

काकांनी चष्मा लावला, जुना सरगमचा कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी मांडीवर ठेवले, बोट फिरवत ओळ न ओळ बघितली. सा तिथंच, रे तिथंच. एक अक्षर बदललेलं नाही, कारण सरगमला पट्टीशी काही देणंघेणं नसतं, सा जिथं धराल तिथं. "मग हा कागद कशाला वाया घालवलास रे," म्हणाले, आणि नव्या कागदाची घडी करून पेटीच्या झाकणाखाली घातली, ते झाकण गेली दोन वर्षं खडखडत होतं.